सात देश, दहा दिवस आणि एक कर्ज

पत्राचा सारांश:

पत्र लिहिणाऱ्या वाचक चाळिशीच्या आसपासच्या आहेत. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, मुलगी अकरा वर्षांची आहे आणि सासूबाई अडुसष्टच्या. परदेश सहलीसाठी दोघांनी चार वर्षं दर महिन्याला थोडी थोडी रक्कम बाजूला टाकली. आता एका सहल कंपनीच्या 'दहा दिवसांत सात देश' या युरोप सहलीवर त्यांचं मन बसलंय, पण चौघांचा खर्च साठवलेल्या रकमेच्या जवळजवळ दीडपट होतोय. वरच्या रकमेसाठी कंपनीच कर्ज मिळवून द्यायला तयार आहे. नवऱ्याचं म्हणणं असं, की कर्ज काढून फिरायचं नाही, त्यापेक्षा आशियातल्या एखाद्या स्वस्त देशात जाऊन येऊ. त्या लिहितात: "आयुष्यात एकदाच तर जायचंय, मग ते धड का नको? स्वस्तातली सहल म्हणजे मनाची समजूत. मुलीच्या मैत्रिणी कुठे कुठे जाऊन आल्या. सासूबाईंना मागे ठेवून जाणंही बरं दिसणार नाही. मी हट्टी आहे की नवरा कंजूष, ते तुम्हीच सांगा." सोबत त्यांनी कंपनीची कार्यक्रमपत्रिकाही जोडली आहे.

उत्तर:

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. तुम्ही हट्टी नाही आणि तुमचे यजमान कंजूषही नाहीत. चार वर्षं न चुकता पैसे बाजूला टाकणाऱ्या घराला हे दोन्ही शब्द शोभत नाहीत. तुमचा वाद पेटलाय तो कंपनीने दिलेल्या आकड्यावरून. तुम्हाला काय बघायचंय, किती दिवस बघायचंय, कुणाला किती झेपेल, याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. म्हणून तो थोडा वेळ बाजूला ठेवू.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात सातही देशांची नावं आहेत, विमान कुठलं आहे, हॉटेलं किती तारांकित आहेत, सगळं आहे. तिथे जाऊन तुम्हाला नेमकं करायचंय काय, यावर मात्र एक ओळ नाही. मुलीबद्दल जे लिहिलंय ते खरं तर तिच्या मैत्रिणींबद्दल आहे आणि सासूबाईंबद्दल जे लिहिलंय ते लोक काय म्हणतील याबद्दल. रागावू नका, पण निघालेल्या चौघांपैकी दोघींना अजून कुणी विचारलेलंच नाही असं मला वाटलं.

तर आधी विचारा. मुलीला 'कुठे जायचंय' असं विचारलंत तर ती वर्गात ऐकलेलं नाव सांगेल. 'काय करायला आवडेल' असं विचारा. या वयाच्या मुलांच्या इच्छा बहुतेक वेळा मोठ्यांच्या कल्पनेपेक्षा पुष्कळ स्वस्त असतात: ट्रेनमध्ये झोपायचंय, समुद्रात डुंबायचंय, डायनासोरचा खराखुरा सांगाडा बघायचाय. सांगाडा म्हणाली तर बर्लिनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात तेरा मीटरहून उंच सांगाडा उभा आहे. ट्रेन म्हणाली तर व्हिएतनाममध्ये हनोई ते हो चि मिन्ह सिटी असा १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग आहे. तेवढा नको असेल तर हनोई ते दा नांग या टप्प्यात एक पूर्ण रात्र गाडीत जाते. आणि ती 'आयफेल टॉवर' म्हणाली, तर तेही उत्तरच आहे. मग आपल्याला पॅरिस हवंय, सात देश नकोत, एवढं तरी कळलं.

सासूबाईंशी तुम्ही एकट्याच असताना बोला. मुलासमोर त्या 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतील. त्यांना खरंच यायचंय का, की घरातल्यांनी धरलंय म्हणून हो म्हणतायत? सलग किती चालवतं, जिने चढवतात का, रात्री किती वेळा उठावं लागतं, हे प्रश्न अवघड वाटले तरी विचाराच. त्या नको म्हणाल्या तर तो नकार मनापासून मान्य करा. ज्यांना विमान, हॉटेल, रोजचं सामान बांधणं यातलं काहीच नको असतं, अशी माणसं असतात. बळजबरीने नेलं की चौघांचीही सहल बिघडते. आणि त्या हो म्हणाल्या, तर सहलीचा वेग त्यांच्या गुडघ्यांनी ठरवायचा.

आता ते 'आयुष्यात एकदाच'. सहल विकणाऱ्यांचं हे लाडकं वाक्य आहे. एकदा ते मान्य केलं की पुढचं सगळं आपोआप पदरात पडतं. एकदाच जायचं म्हणून सात देश हवेत, सात देश हवेत म्हणून इतके पैसे, आणि तेवढे नाहीत म्हणून कर्ज. पण एकदाच का? चार वर्षांत तुम्ही एका सहलीपुरते पैसे उभे केलेत. आणखी चार वर्षांनी मुलगी पंधराची असेल आणि तेव्हा तिला कदाचित अगदी वेगळं काही बघायचं असेल. दुसरी सहल शक्य आहे असं धरून चाललात, तर पहिलीवरचं ओझं निम्म्याने उतरतं. युरोप कुठे पळून जात नाहीये.

कार्यक्रमपत्रिका मी पेन्सिल घेऊन वाचली. तुम्हीही तशीच वाचा. या धंद्याची एक भाषा आहे. 'फोटो स्टॉप' म्हणजे बस थांबते, उतरायचं, फोटो काढायचे, परत चढायचं, आत जायचं नाही. 'पॅनोरॅमिक टूर' म्हणजे काचेतून बघायचं. 'ऑप्शनल' म्हणजे त्याचे पैसे वेगळे, आणि ज्यासाठी माणूस जातो ते नेमकं ऑप्शनलमध्ये असतं. 'दुपार मोकळी' म्हणजे त्या दुपारचं जेवण आणि प्रवास तुमच्या खिशातून. पॅरिसहून ॲमस्टरडॅमचा रस्ता पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. बसने तो अख्खा दिवस खातो आणि ब्रसेल्स वाटेवर लागतं म्हणून तिथे तासभर थांबून बेल्जियम हा एक देश मोजला जातो. लिश्टेनश्टाइनचंही तेच: राजधानी वाडुझमध्ये पाय मोकळे केले की झाला आणखी एक देश. जाण्यायेण्याचे दोन दिवस आणि बसमधले तास वजा करा. हातात उरतं ते मला तरी त्या किमतीचं वाटलं नाही.

मी सहल कंपन्यांच्या विरोधात आहे असा अर्थ कृपा करून काढू नका. ज्यांना परक्या भाषेची धास्ती वाटते, जे एकटे आणि वयस्कर आहेत, व्हिसाची कागदपत्रं पाहूनच ज्यांना घाम फुटतो, त्यांच्यासाठी कुणीतरी बरोबर असणं ही मोठी सोय आहे आणि तिचे पैसे मोजण्यात गैर काही नाही. परदेशात मध्यरात्री कुणाला उलट्या सुरू झाल्या तर टूर मॅनेजर देवासारखा वाटतो. मधला मार्गही असतो. बऱ्याच कंपन्या फक्त तिकीट, हॉटेल आणि व्हिसाची मदत एवढंच देतात आणि दिवस तुमच्यावर सोडतात. तुमच्यासारख्या वाचता-लिहिता येणाऱ्या, फोनवर नकाशा बघता येणाऱ्या दोघांना तेवढं पुरेल.

आता हिशेब. बहुतेक घरांत आधी देश ठरतो, मग दिवस ठरतात आणि शेवटी पैसे कमी पडतात. तुम्ही उलट्या बाजूने या. कागदावर खर्चाचे दोन गट करा. पहिल्या गटात चार दिवसांना जा की चौदा दिवसांना, जे बदलत नाही ते: विमानाची तिकिटं, व्हिसा, विमा, पासपोर्टचं नूतनीकरण. दुसऱ्या गटात रोजचं: खोली, खाणं, स्थानिक प्रवास, प्रवेश तिकिटं. या दोन्हींच्या आधी एकूण रकमेतला दहावा भाग उचलून वेगळा ठेवा. तो आजारपण, हुकलेलं विमान, हरवलेली बॅग यांच्यासाठी, आणि घरी परत येईपर्यंत तो नाहीच असं समजायचं. मग ज्या दोन-तीन ठिकाणांचा विचार आहे, त्या प्रत्येकासाठी चौघांचा पहिला गट मांडा. तो एकूण रकमेच्या निम्म्याच्या वर गेला, तर ते ठिकाण या वर्षीचं नाही. हा माझा ठोकताळा आहे, कुठला नियम नव्हे, पण सहसा चुकत नाही. निम्म्याच्या आत बसलं, तर उरलेल्या रकमेला रोजच्या खर्चाने भागा. जो आकडा येईल तेवढ्या रात्री राहायचं.

या हिशेबाने काही समजुती उलटतात. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड इथे तिकीट स्वस्तात मिळालं तरी रोजचा खर्चच कंबर मोडतो. उलट व्हिएतनाम, इंडोनेशिया, जॉर्जिया, अल्बानिया इथे तिकीट थोडं महाग पडलं तरी दिवस स्वस्त जातात, त्यामुळे जितके जास्त दिवस राहाल तितकं ते तिकीट वसूल होतं. आणि मुक्काम बदलण्याची किंमत कुणी धरतच नाही. प्रत्येक नव्या शहरामागे गाडीभाडं आलं, स्टेशनपासून टॅक्सी आली, खोली मिळेपर्यंत सामान ठेवायची सोय आली आणि अर्धा दिवस गेला. चौघांच्या सहलीत शहरं दोनच ठेवा.

विमानाच्या तिकिटांबद्दल एक गोष्ट कुटुंबांनी जरूर लक्षात ठेवावी. एकाच विमानातल्या एकाच वर्गाच्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत विकायला काढलेल्या असतात. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चार जागा शोधल्यात, तर बऱ्याचदा चौघांनाही वरच्या गटाचा दर दाखवला जातो. म्हणून एकदा चौघांसाठी शोधा, एकदा दोघांसाठी, एकदा एकासाठी. फरक दिसला तर दोन-दोनची दोन तिकिटं काढा. मात्र मुलीचं नाव मोठ्यांपैकी कुणाच्या तरी तिकिटातच असू द्या. दुसरं, जाताना एका शहरात उतरायचं आणि परतताना दुसऱ्या शहरातून निघायचं, असं तिकीट 'मल्टी-सिटी' या पर्यायाखाली मिळतं. त्याने मागे फिरण्याचा एक प्रवास वाचतो आणि एकूण दर बऱ्याचदा साध्या जाऊन-येऊन तिकिटाइतकाच पडतो.

अतिस्वस्त तिकीट दिसलं की तीन गोष्टी तपासा. सामान धरलंय का? स्वस्त विमान कंपन्यांत वरची बॅग, हवी ती जागा, काही ठिकाणी विमानतळावर बोर्डिंग पास छापून घेणं, यातल्या प्रत्येकाचे वेगळे पैसे पडतात. विमानतळ कुठे आहे? फ्रँकफर्टचं नाव लावणारा हान विमानतळ फ्रँकफर्ट शहरापासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे आणि पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे विमानतळ ८० किलोमीटरच्या आसपास. रात्री अकराला तिथे उतरलात तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. आणि तिसरं, मधल्या थांब्यापुढचं विमान त्याच तिकिटावर आहे का? दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास केलात आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही. सामान बाहेर काढून पुन्हा द्यावं लागलं, तर त्या मधल्या देशाचा व्हिसासुद्धा लागू शकतो. सासूबाई बरोबर असतील तर हा जुगार खेळू नका.

व्हिसा हा विषय कंटाळवाणा आहे, पण तुमच्या यादीत पैसे इथेच सांडलेत. शेंगेन या एकाच सामाईक व्हिसावर युरोपातले २९ देश फिरता येतात, पण ब्रिटन त्यात नाही आणि आयर्लंडही नाही. कंपनीच्या सात देशांत लंडन आहे, म्हणजे चौघांचे दोन-दोन व्हिसा. एकटं लंडन वगळलं तर चार अर्जांची फी वाचते. (ज्यांना लंडनच बघायचंय त्यांनी मात्र फक्त लंडन करावं. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, नॅचरल हिस्टरी म्युझियम यांच्या कायमच्या दालनांना प्रवेशशुल्क नाही, आणि आठवडा त्यातच सरतो.) शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे, सहा वर्षं पूर्ण झालेल्या पण बारा न झालेल्या मुलांना ४५. अर्ज नाकारला तर ती परत मिळत नाही. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि नियमाने पंधरा दिवस आधीपर्यंत चालतो, पण तेवढं ताणू नका. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात आणि काही प्रकरणांत ते ४५ पर्यंत जातात. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. आशियातल्या बऱ्याच देशांना सहा महिने लागतात. मुलांच्या पासपोर्टची मुदत कमी असते, तेव्हा मुलीचा आधी उघडून बघा.

तुमच्या यजमानांच्या बाजूने एक आकडा: व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून सर्व देशांच्या नागरिकांना मिळतो, एका प्रवेशाचा ९० दिवसांपर्यंतचा, २५ डॉलरमध्ये, घरबसल्या. तोही सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढायचा. सरकारी वाटावी अशी दिसणारी, दुप्पट-तिप्पट पैसे उकळणारी दुकानं इंटरनेटवर पुष्कळ आहेत.

मुलीच्या शाळेमुळे तारखांना मर्यादा आहेत, ते खरं. युरोपात जुलै-ऑगस्ट सगळ्यात महाग आणि सगळ्यात गर्दीचे, एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर सुसह्य. सुट्टीचा शेवटचा आठवडा पहिल्यापेक्षा स्वस्त पडतो का बघा आणि शनिवार-रविवारऐवजी मंगळवार-बुधवारी निघून बघा. आशियात मात्र 'कमी गर्दीचा काळ' म्हटलं की आधी पावसाचा नकाशा उघडा. हॉटेलं निम्म्या दरात मिळतात त्याला कारण असतं. मध्य व्हिएतनाममध्ये, म्हणजे दा नांग आणि होई आनच्या पट्ट्यात, ऑक्टोबर-नोव्हेंबरला धो धो पाऊस असतो, आणि होई आनच्या जुन्या पेठेत नदीचं पाणीही शिरतं. श्रीलंकेत दोन मान्सून आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य किनारा भिजतो तेव्हा त्रिंकोमालीचा पूर्व किनारा कोरडा असतो. सुट्टी कधी आहे ते बघून किनारा निवडला, तर हंगामाचे पैसे न मोजता ऊन मिळतं.

तिथे गेल्यावरचा खर्च हाताबाहेर जातो तो छोट्या गोष्टींत. चौघांना दोन खोल्या घेण्यापेक्षा स्वयंपाकघर असलेलं एक छोटं घर घ्या, सकाळचं आणि रात्रीचं खाणं तिथेच करा, बाहेर फक्त दुपारी जेवा. युरोपात दुपारी ठरलेला, स्वस्त मेनू बऱ्याच ठिकाणी असतो. घराचं भाडं बघताना शहराचा पर्यटक कर वेगळा आहे का ते वाचा. तो माणशी, रात्रीमागे असतो आणि बहुधा पोहोचल्यावर भरावा लागतो. असे कर वाढतच चाललेत: बालीत फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकाला दीड लाख रुपिया द्यावे लागतात आणि व्हेनिसमध्ये त्याच वर्षापासून ठरावीक दिवशी नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क आहे, मुक्काम करणाऱ्यांना नाही.

फुकट काय आहे याची यादी मुलीला करायला सांगा, तिला ते काम आवडेल. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अठरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ मोफत प्रवेश असतो. इटलीतली सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात, फक्त त्या दिवशी रांग लांब असते. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून बस, ट्राम आणि ट्रेनच्या दुसऱ्या वर्गाला कुणालाच तिकीट नाही. रोममध्ये रस्त्याकडेला लोखंडी नळ आहेत, वाकडी चोच असलेले, अखंड वाहणारे. पाणी पिण्याचं असतं. चोचीच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक आहे. खालचं तोंड बोटाने दाबलं की त्या भोकातून पाण्याची धार वर उडते आणि तोंड लावून पिता येतं. चौघांनी चार बाटल्या बरोबर ठेवल्या की पाण्याचा खर्च शून्य.

'पास' हा शब्द दिसला की मात्र जरा थांबा. पास घेतला की वाचवल्यासारखं वाटतं आणि बेरीज कुणी करत नाही. जपानचा रेल्वे पास हे चांगलं उदाहरण आहे. सात दिवसांचा साधा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेला. टोकियो ते क्योटो एका बाजूचं भाडं साधारण १४ हजार येन. म्हणजे जाऊन-येऊन २८ हजार. जो पास पूर्वी एवढ्या एका प्रवासात जवळजवळ वसूल होत होता, तोच आता तुम्ही तेवढंच फिरणार असाल तर वीसेक हजारांचा फटका आहे. तरी जुन्या सवयीने लोक तो घेतात. कुठल्याही शहराचा पास घेण्याआधी, तुम्ही खरोखर जाणार असलेल्या जागांची सुटी तिकिटं एका खाली एक मांडा. सासूबाईंच्या वेगाने दिवसाला दोन ठिकाणं होतील. पास विकणारे पाच धरून चालतात.

कार्डाने पैसे देताना मशीन विचारतं: स्थानिक चलनात की तुमच्या चलनात? नेहमी स्थानिक चलन निवडा. 'तुमच्या चलनात' म्हटलं की दर दुकानदाराच्या मशीनचा लागतो आणि तो तुमच्या बँकेच्या दरापेक्षा जवळजवळ नेहमी वाईट असतो. एटीएमही हाच प्रश्न विचारतं, तिथेही हेच उत्तर. विमानतळावर चलन बदलून घ्यायचं असेल तर पहिल्या दिवसापुरतंच. आणि विमा घेताना सासूबाईंचा रक्तदाब, मधुमेह, जे काही असेल ते अर्जात लिहा. लपवलं तर हप्ता कमी येतो आणि गरज पडते तेव्हा दावा फेटाळला जातो.

कर्जाबद्दल माझं मत सरळ आहे: नको. कर्ज वाईटच असं मी म्हणत नाही, घरासाठी आणि शिक्षणासाठी आपण काढतोच. पण इथे ते नेमकं कशासाठी आहे ते बघा. साठवलेल्या रकमेत एक चांगली सहल होते. कर्ज आहे ते बेल्जियमच्या एका तासासाठी, लिश्टेनश्टाइनच्या पाय मोकळे करण्यासाठी आणि लंडनच्या चार जादा व्हिसांसाठी. परत आल्यावर दीड-दोन वर्षं त्याचे हप्ते भरायचे आणि तेवढी वर्षं पुढच्या सहलीसाठी एक पैसा बाजूला पडणार नाही. 'बिनव्याजी' म्हणत असतील तर प्रोसेसिंग फी किती आणि रोख भरले तर सूट किती, हे दोन प्रश्न विचारा. व्याज कुठे लपलंय ते कळेल.

माझ्या मते तुमच्यापुढे खरे पर्याय दोनच आहेत. एक, इटली: रोमला पाच रात्री, फ्लॉरेन्सला तीन. मधला वेगवान गाडीचा प्रवास दीड तासाचा, आणि रोमला उतरून फ्लॉरेन्सहून किंवा जवळच्या पिसाहून परत. दोन, व्हिएतनाम: हनोईला चार रात्री, रात्रीच्या गाडीने दा नांग, आणि होई आनला पाच. दोन्हींचे हिशेब वर सांगितल्याप्रमाणे नवऱ्याबरोबर एका संध्याकाळी बसून मांडा. इटलीचा पहिला गट निम्म्याच्या आत बसला तर इटलीला जा. नाही बसला तर व्हिएतनाम. आणि तिथे 'मनाची समजूत' म्हणून जाऊ नका. होई आनची जुनी पेठ १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, लोक त्यासाठी अर्धं जग ओलांडून येतात. देश स्वस्त आहे म्हणजे बघण्यासारखं कमी आहे, हे गणित कुणी घातलं कुणास ठाऊक.

मुलीच्या मैत्रिणींचं म्हणाल, तर तिला एकदा विचारा की त्या परत येऊन काय सांगत होत्या. माझा अंदाज आहे, हॉटेलातल्या लिफ्टबद्दल आणि विमानातल्या सिनेमांबद्दल.

कामांचा क्रम असा ठेवा: आधी चौघांचे पासपोर्ट तपासा, मग हिशेब, मग रद्द करता येईल अशी खोली, मग व्हिसाचा अर्ज, आणि पैसे परत न मिळणारं तिकीट व्हिसा हातात आल्यावरच. अर्जासोबत प्रवासाचा तपशील मागतात तेव्हा रद्द करता येणारं आरक्षण लावा. हे सगळं या सुट्टीत बसत नसेल तर वर्षभर थांबायला हरकत नाही, साठवणं चालूच ठेवा. फक्त तोवर मुलगी बारा पूर्ण करत असेल, तर शेंगेनच्या रकान्यात तिच्या नावापुढे ४५ ऐवजी ९० युरो लिहा.